पुरस्काराच्या यादीत नाव नाही, मग कॉलेजच्या संघात जागा कशी मिळणार?

पत्र थोडक्यात असं: अमेरिकेच्या मिडवेस्ट भागात राहणाऱ्या एका बाबांची मुलगी अकरावीत आहे, म्हणजे तिकडच्या शाळेत ज्युनियर. पदवीचं साल २०२७. ती नववीपासून शाळेच्या व्हॉलीबॉल संघात आहे आणि हिवाळ्यात क्लबकडून खेळते. जागा लिबेरोची, म्हणजे मागच्या रांगेत सर्व्हिस उचलणारी आणि बचाव करणारी खेळाडू. उंची ५ फूट ४ इंच, जीपीए (गुणांची सरासरी) ३.९. सरलेल्या हंगामात तिच्या संघातल्या दोन स्पायकर (नेटवरून चेंडू मारणाऱ्या) मुलींना ऑल-कॉन्फरन्सचा, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या शाळांच्या गटातल्या निवडक खेळाडूंचा मान मिळाला, हिला फक्त 'ऑनरेबल मेन्शन'. गावच्या वर्तमानपत्रातही त्या दोघींचेच फोटो. घरच्यांनी चाळीस कॉलेजांच्या प्रशिक्षकांना मेल केले, उत्तरादाखल उन्हाळी शिबिरांची आमंत्रणं तेवढी आली. क्लबचा खर्च प्रवास धरून वर्षाला साडेसात हजार डॉलरवर गेला आहे, आणि आता एक रिक्रूटिंग (कॉलेज संघांतल्या भरतीची) सेवा "प्रसिद्धी मिळवून देऊ" म्हणत आणखी तीन हजार मागते आहे. बाबा स्वतः सांगलीत शाळा-कॉलेजात व्हॉलीबॉल खेळलेले, विभागीय पातळीपर्यंत पोचलेले. आईचं म्हणणं, खेळ पुरे झाला, आता अभ्यास बघ. बाबा विचारतात: "तिची दखल घेतली जावी म्हणून काय करू? पुरस्काराबद्दल शाळेच्या कोचशी बोलू का? तीन हजार भरू का? की डिव्हिजन वन हातचं गेलं समजून सोडून देऊ?" (डिव्हिजन वन म्हणजे कॉलेज खेळांची संघटना एनसीएए हिच्या तीन विभागांतला सगळ्यात वरचा.)

नमस्कार,

तुमचे प्रश्न चार आहेत, पण सगळ्यांच्या मुळाशी एकच समजूत दिसते: आधी नाव व्हायला हवं, नाव झालं की कॉलेज पाठोपाठ येईल. सांगलीत तुम्ही खेळलात तेव्हा हे खरंच होतं. शाळा, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी निवड व्हायची, प्रत्येक टप्प्याला प्रमाणपत्र मिळायचं, आणि त्या कागदावर बोर्डाचे वाढीव क्रीडा गुण किंवा पुढे नोकरीतलं खेळाडूंचं आरक्षण अवलंबून असायचं. अमेरिकन कॉलेजच्या संघात मुलगी घेताना असा कागद कुणी मागत नाही. तिथे एक प्रशिक्षक असतो. त्याच्या संघातली एक लिबेरो २०२७ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडणार असते आणि तिची जागा त्याला भरायची असते. त्याला हवी असते त्या जागेला बसणारी, अभ्यासात प्रवेश मिळू शकेल अशी आणि चार वर्षं टिकेल अशी मुलगी. तिला शाळेच्या कॉन्फरन्सने गौरवलं होतं की नाही, हा त्याच्या लेखी फार तर तळटिपेचा मजकूर.

पुरस्कार खोटे असतात असं मला म्हणायचं नाही. ऑल-कॉन्फरन्सची निवड बहुतेक ठिकाणी त्याच कॉन्फरन्समधल्या शाळांचे कोच मत देऊन करतात. ते तुमच्या मुलीचा खेळ हंगामात एकदा-दोनदा बघतात, तोही स्वतःचा संघ सांभाळत. त्यांच्या लक्षात राहतात त्या किल, म्हणजे थेट गुण मिळवणारे फटके. लिबेरोचं सगळ्यात चांगलं काम म्हणजे तिच्याकडे आलेल्या अवघड सर्व्हिसचा साधा दिसणारा पास, आणि तो कुणाला आठवत नाही. त्यातून समोरच्या कोचने तिला टाळून दुसरीकडे सर्व्हिस करायला सांगितलं असेल, तर तिच्या नावावर आकडेच कमी पडतात. हा तिचा कमीपणा नव्हे.

दुसरं एक कारण याहून महत्त्वाचं आहे. मुलींचा शालेय हंगाम बहुतेक राज्यांत ऑगस्ट ते नोव्हेंबर, आणि कॉलेजांचा महिला हंगामही नेमका तेव्हाच. प्रशिक्षक स्वतःच्या सामन्यांत अडकलेले असतात. ते मुली बघायला बाहेर पडतात ते मुख्यतः जानेवारीपासून, क्लबच्या स्पर्धांना, जिथे एका छताखाली कित्येक कोर्टांवर शेकडो संघ खेळतात आणि एका दिवसात वीस मुली बघून होतात. म्हणजे ज्या हंगामाबद्दल तुम्ही खंतावला आहात तो भरतीच्या दृष्टीने गौण, आणि जो आत्ता सुरू आहे तो मुख्य.

तेव्हा पुरस्काराबद्दल कोचशी बोलू नका. जाहीर झालेली यादी बदलत नाही, आणि उद्या एखाद्या कॉलेज प्रशिक्षकाने "घरचे लोक कसे आहेत?" असं विचारलं, तर उत्तर देणारा माणूस तोच असतो. हा प्रश्न ते हमखास विचारतात. कोचशी बोलायचं ते तीन गोष्टींसाठी, आणि बोलायचं मुलीने. पहिली, हंगामातल्या सामन्यांच्या पूर्ण व्हिडिओंचा ताबा. दुसरी, तिचे आकडे मॅक्सप्रेप्स या शालेय खेळांच्या आकडेवारीच्या संकेतस्थळावर भरले गेलेत का. बऱ्याच शाळांत किल भरतात आणि डिग (मारलेला चेंडू उचलणं) व रिसेप्शन (सर्व्हिस उचलणं) सोडून देतात. तिसरी, "मी कोणत्या दर्जाच्या कॉलेज संघात खेळू शकेन? मला पाच नावं सांगाल का?" हा प्रश्न. तोच प्रश्न क्लबच्या कोचला आणि क्लबमध्ये रिक्रूटिंग बघणारी व्यक्ती असेल तर तिलाही विचारायला सांगा. तिघांची उत्तरं जिथे जुळतील तिथून तिची यादी सुरू होईल.

आता ते चाळीस मेल. तुम्ही सोबत नमुना पाठवलात हे बरं झालं. विषयाच्या जागी "व्हॉलीबॉल रिक्रूट" एवढंच आहे, सुरुवात "प्रिय प्रशिक्षक" अशी आहे, पहिले दोन परिच्छेद तिच्या कष्टाळू स्वभावावर आहेत, व्हिडिओची लिंक अगदी तळाला आहे, आणि मेल गेलाय तुमच्या पत्त्यावरून. मजकूर चाळिसांनाही तोच. असे मेल प्रशिक्षकांना रोज येतात आणि वाचायच्या आधीच बाजूला पडतात.

शांततेचा अर्थ लावताना तारखाही बघा. डिव्हिजन वनच्या महिला व्हॉलीबॉलमध्ये दहावीचं वर्ष संपल्यावर येणाऱ्या १५ जूनपासून प्रशिक्षक मुलीला थेट मेल, मेसेज, फोन करू शकतात, आणि अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपासून कॅम्पस-भेटी सुरू होतात. त्याआधी ते शिबिराची माहिती किंवा प्रश्नावली यापलीकडे काही पाठवू शकत नाहीत. दहावीतल्या मुलीला उत्तर आलं नाही तर त्यातून काहीच कळत नाही. तुमच्या मुलीबाबत ती तारीख केव्हाच उलटून गेली आहे, त्यामुळे आजच्या शांततेला थोडा अर्थ आहे: एकतर मेल उघडला गेला नाही, किंवा तिथे जागा नाही, किंवा दर्जा जुळत नाही. यातलं कोणतं कारण, हे शोधता येतं. शिबिराचं आमंत्रण मात्र भरतीची खूण समजू नका. नियमानुसार ही शिबिरं वय, इयत्ता आणि संख्येच्या मर्यादेत सगळ्यांना खुली असतात, आणि आमंत्रणं घाऊक जातात. प्रशिक्षकाने नाव घेऊन, तिच्या व्हिडिओतल्या एखाद्या गोष्टीचा उल्लेख करून बोलावलं, तर जरूर जा. नाहीतर तिने एका ओळीत विचारावं: "२०२७ साठी तुम्हाला लिबेरो हवी आहे का, आणि या शिबिरात तुम्ही त्या दृष्टीने बघणार आहात का?" उत्तर नाही आलं तर शिबिराची फी वाचली.

जागा आहे की नाही हे कळायला कुणाची ओळख लागत नाही. प्रत्येक कॉलेजच्या क्रीडा संकेतस्थळावर संघाची यादी असते, खेळाडूची जागा आणि वर्ष यांसकट. तिथे लिबेरो आणि डिफेन्सिव्ह स्पेशालिस्ट (मागच्या रांगेतल्या बचावपटू) मोजा. चारपैकी तिघी पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असतील तर ते कॉलेज तूर्त यादीतून काढा, ते कितीही आवडतं असलं तरी. दोघी शेवटच्या दोन वर्षांत असतील तर तिथे मेल करायलाच हवा. लेकीने एक तक्ता करावा: कॉलेज, विभाग, लिबेरोंची वर्षं, तिला हवा तो अभ्यासक्रम आहे का, प्रशिक्षकाचं नाव, मेल कधी गेला, उत्तर काय आलं. एका कॉलेजला वीस मिनिटं. चाळिसांऐवजी पंचवीसच करा, पण नीट करा.

नवा मेल असा असावा. विषयाच्या ओळीतच सगळं: "२०२७, लिबेरो, ५ फूट ४ इंच, जीपीए ३.९", पुढे क्लब आणि संघाचं नाव. आत प्रशिक्षकाचं नाव, स्पेलिंग तपासून. पहिल्या दोन वाक्यांत हेच कॉलेज का, तेही खरं कारण. तिसऱ्या ओळीला व्हिडिओची लिंक. मग पुढच्या स्पर्धेचं नाव, तारीख, जर्सी क्रमांक. खाली तिचा फोन, क्लब कोचचा फोन आणि मेल. दीडशे शब्दांत आटपा. मेल तिच्या पत्त्यावरून जावा, भाषा तिची असावी, तुम्ही हवं तर सीसीमध्ये राहा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचं लिहिणं आणि पन्नाशीतल्या बाबांचं लिहिणं यातला फरक प्रशिक्षकाला पहिल्या ओळीत कळतो, आणि मुलगी स्वतः बोलत नाही असा अर्थ तो काढतो. स्पर्धेआधी आठ-दहा दिवस कोर्ट क्रमांक आणि वेळांसह पुन्हा चार ओळी. स्पर्धा झाल्यावर दोन नव्या क्लिप. असे तीन-चार मेल होऊनही काहीच आलं नाही तर ते नाव यादीतून काढा. उत्तर आलं तर चोवीस तासांच्या आत तिने प्रत्युत्तर द्यावं.

व्हिडिओबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त मुली इथे मागे पडतात. तुमचा व्हिडिओ बाजूच्या बाकांवरून काढलेला आहे. त्यात तिच्या डाइव्ह छान दिसतात, पण पासचा कोन दिसत नाही, आणि लिबेरोच्या बाबतीत प्रशिक्षक तोच बघतो. कॅमेरा बेसलाइनच्या मागे, मधोमध आणि उंचावर हवा. गॅलरी असेल तर उत्तम, नसेल तर उंच ट्रायपॉड. फोन आडवा, झूम न करता, कोर्टाची नऊ मीटर रुंदी पूर्ण आत. पंचवीसेक क्लिप, एकूण चार मिनिटं. पहिल्या सहा क्लिप जंप फ्लोट (उडी मारून केलेल्या, फिरकी नसलेल्या) सर्व्हिसवरच्या रिसीव्हच्या ठेवा, डिगच्या नकोत. प्रत्येक क्लिप सर्व्हिसच्या तीन सेकंद आधी सुरू करा, म्हणजे ती कशी उभी राहते, सर्व्ह करणाऱ्या मुलीच्या खांद्यावरून दिशा कधी ओळखते, पहिलं पाऊल कधी टाकते ते दिसेल. सेटरचा (स्पायकरला चेंडू उचलून देणारीचा) हात चेंडूला लागल्यावरच क्लिप तोडा. तोडलेला पास बघून प्रशिक्षकाला काहीच ठरवता येत नाही. संथ गती नको, गाणं नको. लिबेरोची जर्सी वेगळ्या रंगाची असते, त्यामुळे प्रत्येक क्लिपला बाण दाखवायची गरज नाही. ज्या सामन्यांत ती नेहमीच्या जर्सीत खेळली तिथे मात्र दाखवा.

दुसऱ्या चेंडूच्या तीन-चार क्लिप आवर्जून घाला. पहिला चेंडू सेटरने उचलला की सेट लिबेरोला करावा लागतो. तीन मीटर रेषेच्या पुढे उभं राहून तिने बोटांनी सेट केला, तर तो चेंडू नेटच्या उंचीच्या वरून मारता येत नाही. म्हणून रेषेच्या मागून उडी घेऊन, पुढे हवेत जात बोटांनी सेट देणारी लिबेरो प्रशिक्षकाला फार मोलाची वाटते. तुमच्या व्हिडिओत अशी एकच क्लिप आहे, तीही शेवटून दुसरी. शिवाय एक अख्खा सेट न कापता वेगळा अपलोड करा, चुकांसकट. रस घेतलेला प्रशिक्षक पुढच्याच मेलमध्ये तो मागतो, कारण चूक झाल्यावर पुढच्या सर्व्हिसला ती कशी उभी राहते हे त्याला बघायचं असतं. यूट्यूबवर टाकताना 'अनलिस्टेड' ठेवा; 'प्रायव्हेट' ठेवलेली लिंक उघडत नाही, आणि उघडत नाही हे कुणी कळवतही नाही.

दर्जा जुळतो का, हे पुरस्कारापेक्षा एक साधी वही जास्त प्रामाणिकपणे सांगेल. तिच्याकडे आलेली प्रत्येक सर्व्हिस टिपा. सेटरला सगळे पर्याय मोकळे राहिले तर ३. सेटर हलली, पण दोन ठिकाणी देऊ शकली तर २. कसाबसा उंच चेंडू एकाच बाजूला गेला तर १. एस (सर्व्हिसवरच थेट गुण) गेला किंवा चेंडू खेळता आलाच नाही तर ०. समजा एका शनिवारी ४० सर्व्हिस आल्या: १४ वेळा ३, १६ वेळा २, ७ वेळा १, ३ वेळा ०. बेरीज ८१, भागिले ४०, सरासरी २.०३. दोनच्या आसपास म्हणजे ठीक. सव्वादोनच्या वर, तेही चांगल्या सर्व्हिसविरुद्ध आणि सलग काही स्पर्धांत, म्हणजे दाखवण्यासारखं. पण खरी माहिती सरासरीच्या पोटात असते. ते सात १ आणि तीन ० कुठे झाले?

तुम्ही दिलेल्या व्हिडिओत ते बहुतेक पाच क्रमांकाच्या जागेवर (मागच्या रांगेत डावीकडे), तिच्या डाव्या हाताला साइडलाइनकडे जाणाऱ्या फ्लोटवर होतात. सेटरची जागा नेटजवळ, मधल्यापेक्षा थोडी उजवीकडे. डावीकडून तिथे चेंडू पाठवायचा तर जोडलेल्या हातांचा पाट उजवीकडे कलता हवा, म्हणजे उजवा खांदा किंचित खाली. ती चेंडू नेट ओलांडेपर्यंत थांबते, मग पोचायला उशीर होतो, खांदे नेटला समांतरच राहतात आणि चेंडू सरळ नेटच्या डाव्या टोकाच्या अँटेनाकडे जातो. हातांत दोष नाही, पाय उशिरा निघतात. आठवड्यातून तीनदा, नेटपलीकडून कुणीतरी नेमक्या त्याच रेषेवर तीस फ्लोट टाकाव्यात, आणि तिने सर्व्ह करणारीचा हात चेंडूला लागण्याच्या क्षणी पहिलं पाऊल टाकावं. नव्या व्हिडिओत हीच सुधारणा दिसली तर प्रशिक्षकाला आणखी एक गोष्ट कळते: मुलगी शिकते.

उंचीबद्दल तुम्ही दोनदा लिहिलंय. स्पायकर किंवा मिडल ब्लॉकर (नेटजवळ मध्यभागी चेंडू अडवणारी) असती तर ५ फूट ४ इंच ही खरीच अडचण होती. तिथे पळत येऊन उडी घेतल्यावर हात किती फुटांवर पोचतो हा पहिला प्रश्न असतो. लिबेरोला तो प्रश्न नाही. इलिनॉयमधल्या स्टर्लिंग या छोट्या गावची लेक्सी रॉड्रिगेझ नेब्रास्काकडून खेळून ऑल-अमेरिकन झाली, तिची उंची ५ फूट ५. शिवाय २०२४ पासून एनसीएएच्या महिला व्हॉलीबॉलमध्ये एका संघाला दोन लिबेरो नेमता येतात, कोर्टावर एका वेळी एकच असली तरी. एक सर्व्हिस रिसीव्हसाठी, दुसरी डिफेन्ससाठी, असा विचार प्रशिक्षक करू शकतात.

तरीही डिव्हिजन वनचं चित्र स्पष्ट बघायला हवं. देशभर साडेचार लाखांहून अधिक मुली शाळेकडून व्हॉलीबॉल खेळतात, आणि एनसीएएच्या तिन्ही विभागांत मिळून जागा अठरा हजारांच्या घरात. डिव्हिजन वनमध्ये पूर्वी बारा पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांत शिष्यवृत्तीची मर्यादा गेली आणि संघाची मर्यादा आली, व्हॉलीबॉलला १८ खेळाडू. त्यातच ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) वीस-एकवीस वर्षांच्या अनुभवी मुली मिळत असल्याने शाळेतून थेट येणाऱ्या मुलींना जागा आणखी कमी. मोठ्या कॉन्फरन्समधल्या बऱ्याच संघांची २०२७ ची लिबेरो ठरलेली असेल. लहान कॉन्फरन्समध्ये अजून शोध चालू असतो, कारण लिबेरो बहुधा मिडल आणि स्पायकरनंतर ठरते.

'डिव्हिजन वन, नाहीतर काहीच नाही' ही मांडणी कुठून आली? तुमच्या घरात ३.९ जीपीए आहे, आणि डिव्हिजन थ्रीमध्ये कोणती नावं आहेत ते बघा: वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी इन सेंट लुइस, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो, कार्नेगी मेलन, केस वेस्टर्न, एमरी, जॉन्स हॉपकिन्स, एमआयटी. पैकी सेंट लुइसच्या संघाने व्हॉलीबॉलची राष्ट्रीय विजेतेपदं दहा वेळा घेतली आहेत. तिथला खेळ बघितल्याशिवाय त्याला कमी लेखू नका. पुढच्या शरद ऋतूत दोन तासांच्या अंतरावरचे एक डिव्हिजन थ्रीचा आणि एक डिव्हिजन टूचा असे दोन सामने लेकीसोबत बघा आणि तिला विचारा, यांच्यात तू कुठे.

पैशाचा हिशेब इथे वेगळा आहे. डिव्हिजन थ्रीला खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. पण गुणवत्तेवरची आणि उत्पन्नावर आधारित मदत मिळते, आणि अभ्यासात हुशार मुलीला ती डिव्हिजन टूच्या अर्धवट खेळ-शिष्यवृत्तीपेक्षा बरेचदा जास्त पडते. डिव्हिजन टूमध्ये पूर्ण संघामागे आठ शिष्यवृत्त्यांएवढी रक्कम असते आणि ती पंधरा-सोळा जणींत वाटली जाते. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो. प्रशिक्षकाशी बोलणं पुढे जाण्याआधी अर्धा तास काढून तो भरा. क्लबवर आजवर गेलेला पैसा शिष्यवृत्तीतून वसूल होईल या अपेक्षेने पुढचा निर्णय घेऊ नका. ती अपेक्षा लेकीला जाणवते, आणि प्रत्येक चुकलेल्या पासला तिची किंमत दिसायला लागते.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण आपल्याकडच्या अनेक घरांना लागू आहे: व्हिसा. मुलगी अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर सरकारी मदतीचा फॅफ्सा अर्ज भरता येतो. एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असेल तर ती मदत मिळत नाही, आणि बऱ्याच कॉलेजांची स्वतःची मदतही परदेशी विद्यार्थ्यांच्या वेगळ्या, तुटपुंज्या निधीतून येते. तेव्हा खेळ-शिष्यवृत्ती देणाऱ्या डिव्हिजन टू आणि एनएआयएच्या (एनसीएएहून वेगळ्या, लहान कॉलेजांच्या संघटनेच्या) कॉलेजांचं महत्त्व वाढतं. प्रशिक्षकाला हे पहिल्या-दुसऱ्या संभाषणातच सांगावं. शेवटी सांगितलं की सगळं गणित फिसकटतं.

डिव्हिजन वन किंवा टूसाठी एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरची पात्रता लागते. सोळा मान्यताप्राप्त कोअर (इंग्रजी, गणित, विज्ञान असे मुख्य) विषय, कोअर जीपीए वनसाठी २.३ आणि टूसाठी २.२. वनसाठी त्यातले दहा विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत, आणि त्या दहांत सात इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. तुमच्या मुलीला गुणांची अडचण नाही. अडचण येते ती शाळेच्या मान्य यादीत नसलेल्या एखाद्या ऑनलाइन विषयामुळे. समुपदेशकाकडून यादी ताडून घ्या. नववी भारतात झालेल्या मुलींनी तेव्हापासूनच्या मूळ गुणपत्रिका आत्ताच मागवून ठेवाव्यात.

तीन हजारांची सेवा घेऊ नका. ती जे देते त्यात प्रोफाइल, मेलचे साचे आणि कॉलेजांची यादी असते. कॉलेजांच्या संकेतस्थळावरची रिक्रूटिंग प्रश्नावली मोफत आहे, प्रत्येकी पंधरा मिनिटांचं काम. अनेक क्लबांच्या शुल्कातच एखाद्या रिक्रूटिंग प्लॅटफॉर्मचं खातं धरलेलं असतं. विचारा, कदाचित तुम्ही त्याचे पैसे आधीच भरलेत. वेळच नसलेल्या किंवा इंग्रजी पत्रव्यवहार न जमणाऱ्या घराला अशा सेवेचा थोडा आधार होऊ शकतो. तुमचं घर तसं नाही. त्या पैशांत दोन-तीन कॅम्पस-भेटी आणि एक चांगला ट्रायपॉड होईल.

आता तुमच्या पत्नीच्या म्हणण्याकडे येतो. त्या खेळाविरुद्ध आहेत असं मला वाटत नाही. वेळ आणि ताण यांचा हिशेब त्या मांडताहेत, आणि तो रास्त आहे. हंगामात डिव्हिजन वन आणि टूमध्ये एनसीएएच्या नियमाने आठवड्याला वीस तासांपर्यंत सराव-सामने चालतात, प्रवास वेगळा. इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळा दुपारी असतील तर ते जमतं का, हे त्या संघातल्या मुलींनाच विचारायला हवं. आणि डिव्हिजन थ्रीत तर आईचा अभ्यास आणि बाबांचा खेळ एकाच रस्त्याने जातात: अकरावी संपल्यावर, अनेक ठिकाणी १ जुलैपासून, प्रशिक्षक मुलीच्या गुणपत्रिका प्रवेश विभागाकडे प्राथमिक मतासाठी पाठवतो. अकरावीचे गुण घसरले तर चांगला व्हिडिओ तिथेच थांबतो.

पत्रात मला सगळ्यात जास्त जाणवली ती लेकीची गैरहजेरी. "आम्ही मेल केले", "आम्हाला दखल हवी आहे", सगळं असंच. तिचं स्वतःचं एकही वाक्य नाही. तिला एकटीला, गाडीत नाही आणि सामना हरल्यावर तर नाहीच, असं शांतपणे विचारा: पहिली दोन वर्षं बाकावर बसावं लागलं तरी कॉलेज संघात असायला आवडेल का? व्हॉलीबॉल नसतं तरी हे कॉलेज निवडलं असतंस का? उत्तर 'नको' आलं तर ते ऐकून घ्या. बहुतेक मोठ्या विद्यापीठांत क्लब व्हॉलीबॉल असतं, तिथे ट्रायआउट देऊन आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी चांगल्या दर्जाचं खेळता येतं.

मुलांच्या पालकांनाही दोन शब्द. मुलांच्या व्हॉलीबॉलचे कॉलेज संघ मुलींच्या तुलनेत फारच थोडे आहेत, तेव्हा यादी पहिल्या दिवसापासून देशभराची ठेवा आणि डिव्हिजन थ्री व एनएआयए त्यात असू द्या. नववी-दहावीतल्या मुलींनी आत्ता मेलचा भडिमार करण्यापेक्षा योग्य जागेवरून व्हिडिओ काढायची सवय लावावी आणि कोअर विषय चुकू देऊ नयेत.

शेवटी कागदपत्रांचं. तोंडी होकार दोन्ही बाजूंना बांधील नसतो. पूर्वीचं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (खेळाडू आणि कॉलेजमधला लेखी करार) ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं. आता शिष्यवृत्ती असेल तर ती लेखी आर्थिक करारात, रक्कम आणि मुदतीसह यायला हवी. डिव्हिजन थ्रीचा प्रशिक्षक "अर्ली डिसिजनने अर्ज करा, मी पाठिंबा देईन" असं म्हणाला, तर तो लवकरच्या फेरीतला अर्ज तुम्हाला त्या कॉलेजशी बांधून टाकतो हे लक्षात ठेवा. म्हणून प्रशिक्षकाला आधी विचारा की प्राथमिक मत नेमकं काय आलं, आणि आर्थिक मदत विभागाकडून अंदाजाचा आकडा लेखी घ्या. हे दोन्ही हातात आल्यावरच ऑक्टोबरअखेर अर्ज पाठवा.